चिंध्यांचं पायपुसणं निटिंग मशीनवर: पट्टी सुईच्या हुकात घालायची नाही

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सांगलीत घरी ब्लाउज-ड्रेसचं शिवणकाम करता, कतरणींची दोन पोती साठली आहेत. घरात स्वेटर विणायचं जुनं सपाट निटिंग मशीन आहे, 200 सुयांचं. चिंध्यांच्या इंचभर रुंद पट्ट्या कापल्या, एकीला एक बांधून गुंडा केला आणि लोकरीऐवजी तोच कॅरेजमध्ये, म्हणजे सुयांवरून सरकत विणणाऱ्या भागात, घातला. तिसऱ्या ओळीत कॅरेज अडकलं, दोन सुयांच्या जिभा, म्हणजे हुक बंद करणाऱ्या बारीक पात्या, वाकल्या. आता विचारताय की जाड कामाचं मशीन घ्यावं का, की हा नादच सोडावा, आणि जमलं तर पायपुसणी विकून परवडेल का.

मशीन बदलायची गरज बहुधा नाही. अडचण कुठे आहे ते सांगते. घरगुती सपाट मशीनवर दोन सुयांमधलं अंतर साधारण 4.5 मिलिमीटर असतं आणि हुकाचं तोंड त्याहून बरंच लहान. त्या हुकात स्वेटरची मध्यम लोकर बसते. इंचभर पॉपलिनची पट्टी गोळा होऊन जवळपास 5 मिलिमीटर जाड होते. ती हुकात मावतच नाही. हुकात गेली तरी वरून जीभ बंद होत नाही, आणि जीभ बंद झाली नाही की जुना टाका हुकावरून उतरत नाही. तुम्ही कॅरेज रेटलंत, म्हणून जिभा वाकल्या. त्यात मशीनचा काही दोष नाही.

यावर उपाय म्हणजे विणायचं काम धाग्याला द्यायचं आणि पट्टी त्या विणीत नुसती आडवी अडकवायची. सुती धागा नेहमीसारखा टाके घालत जातो. पट्टी काही सुयांच्या वरून आणि काही सुयांच्या खालून जाते, टाका पडला की तिथेच धरली जाते. मागावर बाण्याचा धागा बसतो तसंच हे, फक्त ताण्याच्या जागी टाक्यांची साखळी. पट्टी हुकात शिरतच नाही, म्हणून जाडी थोडी कमीजास्त झाली तरी चालते. दुसरा मोठा फायदा असा की पट्ट्या जोडून गुंडा करावा लागत नाही. ब्लाउजच्या कतरणीत वीतभर लांबीचे तुकडेच जास्त असतात, तेही वापरता येतात.

आधी मशीन नेमकं कोणतं आहे ते बघा, कारण पुढचे सगळे आकडे त्यावर ठरतात. पहिल्या सुईच्या मध्यापासून अकराव्या सुईच्या मध्यापर्यंत फूटपट्टीने मोजा. 45 मिलिमीटर आले तर साधं मशीन, 65 आले तर मध्यम, 90 आले तर जाड कामाचं. 200 सुया म्हणताय म्हणजे तुमचं बहुतेक पहिलंच निघेल. मी खाली त्याचाच हिशोब देते. मध्यम आणि जाड मशीनवर पट्टीची रुंदी वाढते, ओळी कमी लागतात, बाकी रीत तीच. मात्र मशीन लुधियानाकडचं, दोन सुईपट्ट्या उलट्या व्हीसारख्या समोरासमोर असलेलं असेल तर ही रीत सोयीची नाही. समोरची सुईपट्टी खाली पाडता आली नाही तर हातात चिंधी धरून आडवी घालायला जागाच मिळत नाही. त्यावर साधी वीण करा आणि चिंध्यांसाठी शेवटी सांगते ती दोरीची पद्धत बघा.

आता चिंध्या निवडणं. इथे वेळ घातलात तर पुढे त्रास कमी. सुती अस्तर, पॉपलिन, केंब्रिक, टू बाय टू, जुन्या सुती साड्या, चादरी हे उत्तम. जॉर्जेट, शिफॉन, साटीन, नायलॉन बाजूला काढा. ते पाणी शोषत नाहीत आणि विणीतून सुळकन सरकतात. एखादी पट्टी रंगासाठी घ्यायची तर घ्या, पण अख्खं पायपुसणं त्याचं केलं तर ओल्या पायाने घसरायला होतं. टेरीकॉट चालतं पण पाणी नीट टिपत नाही, तेव्हा न्हाणीघराच्या दारात नको, खोलीच्या दारात ठेवा. जरीचे आणि टिकल्यांचे तुकडे अजिबात नको. जरीची तार तुटून सुयांच्या खाचांत जाते आणि काढताना नाकी नऊ येतात. जीन्स चालते, पण पट्टी फार अरुंद घ्यावी लागते. हातभर मोठे तुकडे निघाले तर ते वाकळीसाठी ठेवा, उगाच पट्ट्या पाडून वाया घालवू नका.

निवडलेल्या चिंध्या कापण्याआधी धुवा. कोऱ्या सुती कापडाला खळ असते आणि पहिल्या धुण्यात ते आटतं. न धुता विणलेलं पायपुसणं पहिल्यांदा धुतलं की कडेला चुण्या पडतात, कारण धागा एका मापाने आटतो आणि पट्ट्या दुसऱ्या. चिंध्या सुट्या बादलीत टाकू नका, एकमेकींत असा गुंता होतो की निम्म्या फेकून द्याव्या लागतात. जुन्या उशीच्या अभ्र्यात भरा, तोंड बांधा आणि अभ्र्यासकट भिजवा, पिळा, वाळवा. लाल, मरून, गडद निळा आणि काळा रंग वेगळ्या अभ्र्यात. ओल्या लाल चिंधीवर पांढरं फडकं दाबून बघा. डाग उमटला तर ती पुन्हा धुवा, तिसऱ्यांदाही उमटला तर पांढऱ्या-पिवळ्याशेजारी घालू नका.

पट्टीची रुंदी कापडाच्या जाडीवर ठरते. 4.5 मिलिमीटरच्या मशीनसाठी पॉपलिन-अस्तराची 2 सेंटिमीटर, पातळ साडीची 3, टी-शर्टच्या होजिअरीची सव्वा, जीन्सची जेमतेम 1. ओळखायची सोपी खूण अशी की पट्टी चिमटीत पिळली की ती साधारण पेन्सिलच्या निम्म्या जाडीची व्हायला हवी. एकाच पायपुसण्यात वेगवेगळी कापडं येणारच, पण पिळल्यावरची जाडी सारखी ठेवा. जाडी सारखी नसेल तर जाड पट्टीच्या ओळी फुगतात, पातळ पट्टीच्या बसतात आणि पायपुसणं जमिनीवर सपाट पडत नाही.

कापायचं की फाडायचं हा प्रश्न सगळे विचारतात. चादर, साडी असलं मोठं कापड फाडलेलं बरं. वेळ वाचतो आणि पट्टी धाग्यात सरळ येते. पण फाडलेल्या कडेला लोंबणारे धागे असतात आणि तेच पुढे सुईच्या हुकात अडकतात. फाडल्यावर पट्टी दोन बोटांतून एकदा ओढा, जे धागे सुटतील ते तोडून टाका. शिवणकामातल्या कतरणी बहुतेक तिरप्या असतात, त्या कात्रीनेच कापाव्या लागतात. तिरपी पट्टी कमी उसवते, हा तिचा गुण. पण ती ताणली जाते, म्हणून विणीत घालताना ओढायची नाही. टी-शर्ट आडवा कापा, म्हणजे छातीच्या घेराच्या दिशेने. मग पट्टी हलकी ओढली की कडा आत वळून तिची नळी होते आणि कापलेली कड दिसत नाही. उभा कापला तर नळी नीट होत नाही.

तुमच्या भागात आणखी एक चांगला माल मिळतो. इचलकरंजीच्या रॅपियर, एअरजेट अशा बिनधोट्याच्या मागांवर कापडाच्या कडेची झालर कापून बाजूला पडते. ती लांबच लांब असते आणि जोड नसतो. पण तिला मोकळे धागे फार, त्यामुळे सुईत अडकते. घ्यायची असेल तर 3-4 झालरी एकत्र हलका पीळ देऊन वापरा.

आता टाके घालणारा धागा. लोकर नको. ओल्या पायाखाली ॲक्रिलिक पाणी टिपत नाही आणि खरी लोकर घासली जाऊन तिचा नमदा होतो. सुती धागा घ्या. दोन पदरी 20 नंबरचा, म्हणजे मागवाले 2/20 म्हणतात तो, 4 पदर एकत्र करून. असे 4 पदर म्हणजे 100 ग्रॅमला सव्वाचारशे मीटरच्या आसपास, स्वेटरच्या मध्यम लोकरीपेक्षा किंचित बारीक. 3 पदर बारीक पडतात आणि पायाच्या घासण्याने आधी तेच तुटतात. पायपुसणं फाटतं तेव्हा चिंधी फाटत नाही, हा धागा तुटतो आणि वीण उसवते, म्हणून इथे काटकसर नको. सुताला लोकरीसारखी लवचीकता नसते, टाके गळण्याची सवय असते. धागा गुंडाळलेल्या कोनवरून धागा येताना तो मेणबत्तीच्या तुकड्यावरून घासून येईल अशी सोय करा. एवढ्याने निम्मे गळके टाके थांबतात.

हिशोब 40 बाय 60 सेंटिमीटरच्या पायपुसण्याचा देते. 100 सुया घ्या. सुईपट्टीवर ती 45 सेंटिमीटर जागा होते, विणल्यावर आकसून 40 च्या आसपास येते. 2 सेंटिमीटरची पॉपलिनची पट्टी प्रत्येक ओळीत घातली तर एक ओळ साधारण 4 मिलिमीटर उंच होते, म्हणजे 60 सेंटिमीटरला 150 ओळी. एका ओळीला 45 सेंटिमीटर पट्टी लागते. 150 ओळींना साडेसदुसष्ट मीटर. 2 सेंटिमीटर रुंदीने गुणलं की 1.35 चौरस मीटर कापड. पॉपलिन चौरस मीटरला 110 ते 120 ग्रॅम भरतं, म्हणजे दीडशे-एकशेसाठ ग्रॅम पट्ट्या. कापताना वाया जाणारं धरून 200 ग्रॅम चिंध्या बाजूला काढा. धागा एका टाक्याला 14 मिलिमीटर धरला तर एका ओळीला 1 मीटर 40 सेंटिमीटर, 150 ओळींना 210 मीटर, म्हणजे 50 ग्रॅम. कडेच्या घड्या आणि थोडी नासधूस धरून 60 ग्रॅम. पोत्यात 10 किलो चिंध्या असतील आणि निवडून निम्म्याच उरल्या तरी 25 पायपुसणी होतात. हे आकडे माझ्या हाताचे आणि माझ्या ताणाचे. तुमचे वेगळे येतील, म्हणून आधी 40 सुयांवर 30 ओळींचा नमुना काढा, मोजा आणि मगच सुया ठरवा.

विणायला बसण्याआधी वाकलेल्या दोन सुया बदला. नव्या आणायला धावू नका. तुम्ही मधल्या 100 सुयाच वापरणार आहात, टोकाच्या सुया पडूनच आहेत, त्यातल्या दोन मध्ये आणा. सुयांना वरून दाबून धरणारी मशीनची लांब पट्टी एका बाजूने सरकवून काढली की सुई मागे घेऊन उचलता येते. ती पट्टी हातात आलीच आहे तर तिच्या आतला स्पंज दाबून बघा. जुन्या मशीनचा स्पंज दाबून दाबून कागदासारखा होतो, मग सुया वर उचलल्या जातात आणि टाके का गळतात ते कळत नाही. दाबल्यावर तो परत वर येत नसेल तर बदला. स्वेटर विणताना हा दोष एकवेळ खपतो, चिंध्यांच्या कामात खपत नाही.

सुरुवात अशी करा. मधल्या 100 सुयांवर धागा हाताने एकेका सुईभोवती गुंडाळून टाके घाला. वीण खाली ओढून धरणारा कंगवा आणि वजनं लावा. साध्या 8 ओळी विणा. मग सुरुवातीच्या टाक्यांची कड उचलून त्याच सुयांवर चढवा आणि एक ओळ सैल विणा. दुहेरी घडीची कड तयार झाली. ही घडी टाळू नका, कारण साधी वीण टोकाला गुंडाळी होते आणि दारातल्या पायपुसण्याची गुंडाळलेली टोकं पायात येतात.

आता ताण, म्हणजे कॅरेजवरच्या चकतीचा आकडा; तो जितका मोठा तितका टाका सैल. याच धाग्याची साधी वीण तुम्ही 6 वर करत असाल तर इथे 8 ते 9 ठेवा. दोन टाक्यांच्या मध्ये पट्टी बसायची आहे, तिला जागा हवी. कमी आकड्यावर कॅरेज जड चालतं आणि पायपुसणं पुठ्ठ्यासारखं होतं. 10 वर गेलात तर टाके इतके मोठे पडतात की पट्टी बोटाने ओढून निघते.

मुख्य कृती नीट वाचा, सगळी मेख इथेच आहे. कॅरेज उजवीकडे आहे असं धरा. सुया पुढे काढल्या तरी त्या विणल्या जातील अशी होल्डिंगची कळ ठेवा. ब्रदर कंपनीच्या मशीनवर ती एनवर असते, एचवर नको. आता दोन सुया पुढे, दोन मागे, पुन्हा दोन पुढे, अशा सगळ्या ओळीतल्या सुया ओढा. सुई इतकी पुढे यायला हवी की तिच्यावरचा टाका जिभेच्या मागे जाईल आणि जीभ उघडी राहील. पट्टी पुढे आलेल्या सुयांवर आडवी ठेवा आणि बोटांनी मागे, सुयांच्या मधल्या खिळ्यांच्या रांगेकडे सरकवा. आता मागे राहिलेल्या सुया पुढे ओढा, त्या पट्टीच्या वरून येतील. एवढं झालं की पट्टी दोन सुयांच्या वर, दोन सुयांच्या खाली अशी नागमोडी बसलेली असते. फूटपट्टीच्या कडेने पुन्हा एकदा मागे दाबा. सगळ्या जिभा उघड्या आहेत का यावर नजर फिरवा. मग कॅरेज डावीकडे न्या, हळू आणि एका लयीत.

पुढच्या ओळीत अदलाबदल करायची. मागच्या वेळी ज्या दोन सुयांच्या वरून पट्टी गेली, त्यांच्या आता खालून जायला हवी. ही अदलाबदल विसरली की पट्ट्या एकाच रांगेत उभ्या दिसतात आणि वीण मोकळी पडते. एक वर-एक खाली असंही करता येतं, पण 4.5 मिलिमीटरच्या मशीनवर 2 सेंटिमीटरची पट्टी इतकी घट्ट बसते की वीण लाकडासारखी होते. तीन वर-तीन खाली केलं तर पट्टीचे लोंबते फासे लांब होतात, पायाची बोटं अडकतात. पुढची बाजू लक्षात ठेवा. विणताना जी बाजू तुमच्याकडे असते, तीच पायपुसण्याची वरची बाजू. पट्ट्या त्याच बाजूला दिसतात.

पट्टी संपली तर गाठ मारू नका. नव्या पट्टीचं टोक जुन्या पट्टीच्या टोकावर 5 सेंटिमीटर ठेवून तशीच पुढे जा. टाके दोन्ही धरून ठेवतात. दोन्ही टोकं तिरकी कापलीत तर जाडी वाढत नाही. लागोपाठच्या ओळींत जोड एकाखाली एक येऊ देऊ नका, तिथे उभा उंचवटा तयार होतो. 15 सेंटिमीटरपेक्षा छोटा तुकडा असेल तर दोन्ही बाजूंच्या जोडांतच त्याची बरीच लांबी जाते, तो घेऊ नका.

कडेला मात्र जपा. नवख्या हाताची बहुतेक पायपुसणी मध्ये बारीक, टोकाला रुंद, म्हणजे डमरूसारखी होतात. कारण एकच. ओळ संपून परत फिरताना पट्टी ओढली जाते. काठाच्या सुईबाहेर बोटाच्या पेराइतका फास मोकळा सोडा, वीण पुढे गेली की तो आपोआप बसतो. पट्टी ओळीत ठेवताना ती सुयांवर सैल पडलेली असावी, तारेसारखी ताठ नसावी. दर 20 ओळींनी वीण मोजपट्टीने मोजा. सेंटिमीटरने जरी कमी झाली तरी पुढच्या ओळींत फास वाढवा. शंभर ओळींनंतर लक्षात आलं तर मग उसवणं हाच इलाज.

वजनांचं थोडं वेगळं आहे. सुरुवातीला कडेला विणीत अडकवायची नखांची वजनं हवीत आणि ती दर 10-12 ओळींनी वर सरकवायला हवीत. पण चिंध्यांची वीण स्वतःच जड असते. 30 सेंटिमीटर लोंबू लागली की मधली वजनं काढा, नुसती कडेची ठेवा. काढली नाहीत तर टाके लांब ओढले जातात आणि पायपुसण्याचा दुसरा अर्धा भाग पहिल्यापेक्षा विरळ दिसतो.

काय बिघडलं की काय समजायचं ते सांगते. कॅरेज मध्येच अडलं तर रेटू नका. जिथे अडलं तिथे दहापैकी नऊ वेळा चिंधीचा सुटा धागा हुकात गेलेला असतो किंवा पट्टी खिळ्यांपासून पुढे सरकलेली असते. कॅरेज तिथेच सोडवून उचला, कात्रीच्या टोकाने धागा कापा, सुया परत जागेवर आणा आणि ती ओळ हाताने पूर्ण करा. एकाच जागी टाका दोनदा गळला तर त्या सुईची जीभ तपासा, वाकडी असणार. वेगवेगळ्या जागी गळत असेल तर धाग्याचा ताण, मेण किंवा तो स्पंज. एका टाक्यात दोन फास दिसले तर ती सुई पुरेशी पुढे आली नव्हती आणि जुना टाका हुकातच राहिला. सगळी वीण एका बाजूला तिरकी जात असेल तर धाग्याला पीळ जास्त आहे, पट्टीचा त्यात दोष नाही. कोन बदला.

दीडशे ओळी झाल्या की पुन्हा साध्या 8 ओळी, टाके सैल बंद करा आणि कड मागे दुमडून हाताने टीप घाला. मग मशीन साफ करा. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून सगळे टाळतात, आणि तिसऱ्या पायपुसण्याला मशीन जड होतं. सुती चिंधीचा भुसा सुयांच्या खाचांत तेलाबरोबर चिकटून लगदा होतो. प्रत्येक पायपुसण्यानंतर कोरड्या ब्रशने खाचा झाडा, दर 4-5 नगांनी सुया पुसून शिलाई मशीनचं तेल अगदी हलकं लावा. तेल जास्त झालं तर सुताला काळे डाग पडतात.

पाऊस सुरू झाला की आपल्याकडे सुती पायपुसणं दोन-दोन दिवस वाळत नाही, कुबट वास येतो. म्हणून पाठीमागे रबर किंवा फोम शिवून टाकू नका. घसरण्याची भीती खरी आहे, विशेषतः गुळगुळीत टाइल्सवर. शहाबादी फरशीवर तितकी नसते. घरात वयस्कर माणसं असतील तर जाळीचा रबरी कागद वेगळा खाली अंथरा आणि पायपुसणं उचलून वाळत घाला. एकाच दारासाठी तीन पायपुसणी फिरती ठेवली की पावसाळा निघतो.

आता दोन सुईपट्ट्यांच्या मशीनसाठी म्हटलेली दोरीची पद्धत थोडक्यात. 4 सुयांवर साधी वीण, पण कॅरेज एका दिशेला विणतं आणि परत येताना नुसतं सरकतं, अशी कळ ठेवा. परतीचा धागा वीण मागून ओढून तिची नळी करतो. अरुंद पट्टी विणीच्या तुमच्याकडच्या बाजूला उभी धरा, म्हणजे परतीचा धागा तिच्यावरून जातो आणि ती नळीत बंद होते. ही दोरी गोल गुंडाळत शिवली की गोल आसन होतं. दोरी 1 सेंटिमीटर जाड असेल तर 50 सेंटिमीटर व्यासाला 20 मीटरच्या आसपास लागते, आणि प्रत्येक वेढा आधीच्यापेक्षा सव्वासहा सेंटिमीटर लांब हवा. शिवताना दोरी ओढलीत तर तेवढी लांबी मिळत नाही आणि आसनाची परात होते. सैल सोडलीत तर कड लाटांसारखी उठते. शिवण जमिनीवर सपाट ठेवून घाला, मांडीवर नाही.

राहिला विकण्याचा प्रश्न. एक ओळ लावायला सराव झाल्यावर अर्धा मिनिट लागतं, दीडशे ओळींना सव्वा तास. पट्ट्या निवडणं-कापणं तेवढंच, कडा आणि साफसफाई धरून एक नग अडीच-तीन तासांचा. मागावरची चिंध्यांची सतरंजी यापेक्षा कितीतरी वेगाने निघते, त्यामुळे बाजारातल्या पायपुसण्याच्या भावाशी बरोबरी करायला गेलात तर मजुरी सुटणार नाही. परवडेल ते ऑर्डरीचं काम. गिऱ्हाइकाने स्वतःच्या साड्या आणून द्याव्यात, तुम्ही त्याचं विणून द्यावं आणि दर तासांवर ठरवावा, किलोवर नाही. साडी घेताना ती सुती आहे का हे एक धागा जाळून बघा. राख हाताने चुरली तर सुती, कडक मणी झाला तर परत द्या.